ठकूबाईने ऐकलेली हाक

सीना नदीच्या काठी धोंडवाडी नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या पूर्वेला ओढा ओलांडला, की ख्रिस्ती लोकांची चाळीसेक घरे लागतात. या वस्तीत थोमाजीबाबा सव्वीस वर्षे राहिले. बाबा मंडळीचे पाळक होते, पण त्यांच्या अंगावर पाळकाचा झगा कोणी कधी पाहिला नाही. छिन्नी आणि हातोडी घेऊन ते गावोगाव जात, बायकांच्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून देत, आणि टाकी लावता लावता प्रभू येशूच्या गोष्टी सांगत. जाते पुन्हा दळायला लागेपर्यंत गोष्टही संपलेली असे. कोणी ओंजळभर पीठ दिले तर बाबा झोळीत घेत, नाही दिले तर तसेच पुढच्या घरी जात.

बाबांच्या हातून प्रभूने पुष्कळ कामे केली. त्यांतले एक आज सांगतो. मला हे माझ्या आईने सांगितले. ती त्या दिवशी तिथे होती. पन्नास वर्षांनंतर सांगतानाही ती एका ठिकाणी थांबायची, आपले दोन्ही हात बघायची आणि मग पुढे बोलायची.

वस्तीत ठकूबाई नावाची एक बाई एकटीच राहत असे. वय चाळिशीच्या आसपास. सहा वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला तेव्हा दोन्ही कान गेलेले होते. स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तसे तिचे बोलणे वेडेवाकडे होऊ लागले. मुले चिडवू लागली. त्याच सुमारास आईही वारली. आई गेल्यावर ठकूबाईने तोंड मिटले ते मिटलेच. तीस वर्षांत तिच्या तोंडून कोणी शब्द ऐकला नव्हता. लोक तिला नावाने ओळखतही नसत. ‘मुकी’ म्हणत.

पण वस्तीत कोणी आजारी पडले, कोणी बाळंत झाली, की सकाळी त्या घराच्या दारात भरलेले दोन हंडे दिसत. कोणी आणले हे विचारावे लागत नसे. मंडळीच्या प्रार्थनामंदिराची झाडलोट ठकूबाईच करी. शनिवारी जमीन सारवायची, रविवारी तरटे अंथरायची, उपासना झाली की ती झटकून गुंडाळून ठेवायची. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते. एक दिवस ती आपणहून आली आणि करू लागली.

मंदिराच्या पायरीलगत दोन लाकडी खांबांवर घंटा टांगलेली होती. ती वाजवायला बाबांनीच ठकूबाईला शिकवले. घंटा बाबांनी ओढायची आणि ठकूबाईने खांबाला तळहात लावून उभे राहायचे. घंटेचा नाद लाकडातून तिच्या हातात चढे. पहिल्यांदा तो कळला तेव्हा तिने हात झटकन मागे घेतला आणि मग पुन्हा लावला, असे बाबा सांगत. पुढे सावली पाहून ती अचूक वेळेला घंटा वाजवू लागली. कधी चुकली नाही.

अशी ही ठकूबाई दहा वर्षे मंदिरात येत होती, सगळ्यांच्या मागे भिंतीशी बसत होती, पण मंडळीत नव्हती. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तिच्यासमोरून पुढे जाई. ती मान खाली घालून बसे.

एका वर्षी कापणीच्या सणाआधी पंचांची बैठक भरली, तेव्हा बाबा म्हणाले, “सणाच्या उपासनेत ठकूबाईला बाप्तिस्मा देऊन मंडळीत घ्यावं, असं मला वाटतं.”

पंचांमध्ये नथानेल मास्तर मुख्य. नगरला शिकून आलेले, वस्तीच्या शाळेचे शिक्षक. माणूस कष्टाळू होता. शाळा त्यांनीच उभी केली, मंदिराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, नवी मातीही त्यांनीच लोकांकडून चढवून घेतली होती. शास्त्र त्यांना तोंडपाठ होते. पण आपण शिकलो याचा त्यांना अभिमान चढला होता, आणि न शिकलेल्या माणसाकडे पाहताना त्यांचा एक ओठ किंचित वर जात असे.

मास्तर म्हणाले, “बाबा, तुमची माया मी समजतो. पण मंडळी म्हणजे कोंडवाडा नव्हे, की जो दाराशी आला त्याला आत लोटला. माणसानं वचन ऐकावं लागतं. ऐकल्याशिवाय विश्वास कसा यायचा? आणि आला, तरी तो तोंडानं कबूल करावा लागतो. हिला ना कान, ना तोंड.”

बाबा म्हणाले, “ते खरं असेल, मास्तर. पण मी दर रविवारी सांगतो ते आपण सगळे ऐकतो आणि विसरतो. ती ऐकत नाही आणि करते. याचं काय करायचं ते मला कळत नाही.”

“मग मंडळीसमोर तिची परीक्षा घेऊ,” मास्तर म्हणाले. “पास झाली तर माझी हरकत नाही.”

पुढच्या रविवारी, उपासनेच्या शेवटी, मास्तरांनी ठकूबाईला बोटाने खूण करून पुढे बोलावले. ती पदर सावरत आली. बाबा तिला खुणांनी प्रश्न समजावून सांगू लागले, तेव्हा मास्तरांनी त्यांना थांबवले. “खुणा नकोत, बाबा. खुणांनी माकडही नाचतं. मी विचारतो.”

मास्तरांनी विचारले, “तू पापी आहेस, हे तुला मान्य आहे?”

ठकूबाईने त्यांच्या ओठांकडे पाहिले आणि मान हलवली.

“प्रभू येशू तुझा तारणारा आहे?”

तिने पुन्हा मान हलवली. या वेळी ती थोडी हसलीही. आपल्याला आत घेत आहेत, एवढे तिला कळले होते.

मग मास्तरांनी आवाज न बदलता, चेहरा तसाच गंभीर ठेवून विचारले, “आणि तू पाटलाची म्हैस आहेस?”

ठकूबाईने हसतच मान हलवली.

सगळे मंदिर हसले. पुरुष हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझी आई म्हणे, “मीपण हसले रे. नवी नवरी होते, वस्तीत येऊन तीन महिने झालेले. सगळे हसत होते. त्यांच्यातली होण्यासाठी हसले.”

ठकूबाईने एकेका चेहऱ्याकडे पाहिले. तिच्या ओठांवरचे हसू हळूहळू गेले. काय विचारले ते तिला कळले नाही, पण काय झाले ते कळले. ती वळली, तरटांच्या कडेकडेने चालत दारापर्यंत गेली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

 आशीर्वाद द्यायचा राहिला होता, तो न देताच बाबा व्यासपीठावरून उतरून बाहेर आले आणि ठकूबाईशेजारी पायरीवर बसले. आतले लोक वाट पाहून पाहून उठले. बाहेर जाताना त्यांना त्या दोघांच्या बाजूने जावे लागले. बाबा मान वर करत नव्हते. शेवटी मास्तर आले, तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, “मास्तर, आज मला लाज वाटली. तुमची नव्हे. माझ्या मंडळीची.”

मास्तर म्हणाले, “सत्य कडू लागतं, बाबा,” आणि छत्री उघडून निघून गेले.

त्या दिवसापासून ठकूबाई उपासनेला आत बसेनाशी झाली. सारवायला येई, तरटे अंथरी, घंटा वाजवी, आणि उपासना सुरू झाली की बाहेर पायरीवर मंदिराकडे पाठ करून बसे.

मंडळीत असणे म्हणजे काय, हा प्रश्न ही गोष्ट आठवली की मला दर वेळी पडतो. माझे नाव मंडळीच्या पटावर जन्मापासून आहे. ते तिथे असावे म्हणून मी काय केले, हे मला सांगता येणार नाही. एक बाई दहा वर्षे आमची जमीन सारवत होती, आणि तिचे नाव त्या पटावर यावे का, याची आम्ही परीक्षा घेत होतो. असो. पुढे काय झाले ते ऐका.

असे काही रविवार गेले. सण जवळ आला, त्या आठवड्यात बोरवंडहून निरोप आला. तिथला एक म्हातारा, साळवे नावाचा, अखेरच्या घटका मोजत होता आणि बाबांना बोलावत होता. बोरवंड धोंडवाडीपासून बारा कोस. बाबा शुक्रवारी निघाले. जाण्याआधी त्यांनी मंदिरात जाऊन वर पाहिले. आठ दिवस परतीचा पाऊस झोडपत होता. माळवदावर नवी माती चढवलेली, ती पाणी पिऊन फुगली होती.

बाबा मास्तरांना म्हणाले, “मधल्या तुळईखाली एक टेकू द्यावा. मला ती वाकल्यासारखी दिसते.”

“सागवानी तुळई आहे, बाबा. आणखी पन्नास वर्षं हलायची नाही. तुम्ही दगडातले माणूस, लाकडाचं माझ्यावर सोडा.”

बाबा गेले. टेकू काही लागला नाही. तुळई भिंतीत जिथे शिरली होती, तिथे तिला आतून वाळवीने खाऊन पिठासारखी करून ठेवले होते. हे नंतर कळले.

रविवार उजाडला तो लख्ख ऊन घेऊन. बाबा नाहीत म्हणून उपासना मास्तरांनी चालवायची होती. सत्तर-ऐंशी माणसे दाटीवाटीने बसली होती. मास्तरांनी खिशातले घड्याळ काढून व्यासपीठावर उघडे ठेवले. आपला उपदेश बरोबर एक तास चालतो, एक मिनिट इकडेतिकडे होत नाही, असे ते अभिमानाने सांगत. दहाला त्यांनी सुरुवात केली.

उपदेश रंगात आला होता. आणि एकाएकी घंटा वाजू लागली.

उपासनेच्या मध्ये घंटा कधीच वाजत नसे. लोकांनी माना वळवल्या. मास्तरांनी हात वर करून लोकांना गप्प बसवले आणि घड्याळाकडे पाहिले. पावणेअकरा झाले होते. “मुकीला वेड लागलं,” ते म्हणाले. “कुणीतरी तिला थांबवा.”

दारातला एक जण उठून बाहेर गेला. घंटा थांबली नाही. उलट जोरात वाजू लागली. आणि मग घंटेच्या आवाजातून दुसरा एक आवाज आला. घोगरा, फाटका, कुठे उंच आणि कुठे एकदम खाली जाणारा. असा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता.

“भाईर या. समदे भाईर या.”

मंदिरात सगळे गार पडले. बायकांनी एकमेकींचे हात धरले. तीस वर्षे न बोललेली बाई बोलत होती. जो तिला थांबवायला गेला होता तो पायरीवर दोन्ही हात लोंबते सोडून उभा होता. त्याने आत पाहिले आणि म्हणाला, “मुकी बोलतीया.”

एवढे ऐकताच लोक उठले. माझी आई हे फार खरेपणाने सांगे. “कुणी भिऊन उठलं नाही. छपराचं कुणाच्या ध्यानीमनीबी नव्हतं. आमी आपलं नवल बघाया धावलो. मुकी कशी बोलती ते बघाया.” दारात चेंगराचेंगरी झाली. मुले काखेत, म्हातारी माणसे खांद्याचा आधार घेऊन, सगळे पायऱ्या उतरून अंगणात आले आणि ठकूबाईभोवती गोळा झाले. ती दोरी ओढत होती. तिचे डोळे ताठ उघडे होते आणि गालांवरून पाणी वाहत होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे ती बघत होती, जणू कोण आले नि कोण राहिले याची खात्री करत होती.

आत एकटे मास्तर राहिले. ते व्यासपीठावरून हलले नाहीत. उघड्या दारातून ते दिसत होते. “माझा उपदेश संपलेला नाही,” ते ओरडून म्हणाले. “पंधरा मिनिटं आहेत. जागेवर येऊन बसा.”

ठकूबाईने त्यांना पाहिले. तिने दोरी सोडली, माणसांना दोन्ही हातांनी बाजूला सारले आणि ज्या मंदिरात ती उपासनेला पाऊल ठेवत नव्हती त्यात धावत शिरली. तिने मास्तरांचा उजवा हात कोपरापाशी धरला आणि ओढला. मास्तरांनी दुसऱ्या हाताने तिच्या तोंडात मारली. तिने हात सोडला नाही. सकाळ-संध्याकाळ पाण्याचे हंडे वाहून तिच्या हातांना बळ आलेले होते. पोते ओढावे तसे तिने त्यांना व्यासपीठावरून खाली ओढले, तरटांवरून दारापर्यंत आणले. मास्तर शिव्या देत होते. पाळकाच्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तोंडी त्या शिव्या ऐकून लोक आणखी थक्क झाले.

दारात आल्यावर तिने त्यांना दोन्ही हातांनी बाहेर ढकलले. मास्तर पायरीवरून अंगणात पालथे पडले.

आणि मंदिर खाली बसले.

मोठा आवाज झाला नाही, असे आई सांगे. आधी कड असा एक आवाज, आणि मग खूप माणसांनी एकदम सुस्कारा टाकावा तसा. सगळे माळवद, ती ओली माती, तुळया, सगळे एकदम खाली आले. धुळीचा लोट दारातून बाहेर आला. तो खाली बसला तेव्हा मंदिराच्या जागी चार भिंती आणि मधे मातीचा ढीग होता. घंटेचे खांब तेवढे उभे होते.

 सत्तर-ऐंशी माणसे अंगणात उभी होती. जिथे आपण आत्ता बसलो होतो ती जागा प्रत्येक जण शोधत होता. माझी आई जिथे बसली होती तिथे मधली तुळई पडली होती.

पहिल्यांदा भानावर आले ते मास्तर. ठकूबाई जिथे उभी होती त्या दाराच्या जागी ते हातापायांवर रांगत गेले आणि नखांनी माती उकरू लागले. मग सगळेच धावले. फावडे मारायची भीती, म्हणून हातांनीच उपसू लागले. बायकांनी पदरात माती भरून बाहेर टाकली. आई याच ठिकाणी थांबून आपले हात बघायची. तिच्या दोन बोटांची नखे त्या दिवशी गेली, ती पुन्हा नीट आली नाहीत.

अर्ध्या तासाने एक पाय लागला. मग लुगडे. दाराची दगडी चौकट तुटून आडवी पडली होती आणि तिच्या खाली माणसापुरती पोकळी राहिली होती. त्या पोकळीत ठकूबाई कुशीवर पडलेली होती. डावा पाय मोडला होता, कपाळ फुटले होते. पण डोळे उघडे होते, आणि ती श्वास घेत होती.

तिला बाजेवर घालून घरी नेले. हाडे बसवणाऱ्या माणसाने पाय बांधला. संध्याकाळी ती पाणी प्यायली. बाजेभोवती बायका होत्या, दारात पुरुष होते. माझ्या आईने तिच्या चेहऱ्यासमोर जाऊन, ओठ सावकाश हलवून विचारले, “तुला कसं कळलं?”

 ठकूबाईला शब्द एकेक शोधून आणावे लागत होते.

“हाक आली,” ती म्हणाली. “ठकूबाळ, घंटा वाजव. समद्यांना भाईर काढ. दोनदा आली.”

“कुठून आली?”

तिने आपल्या कानावर बोट ठेवले. “आय मला ठकूबाळ म्हणायची. दुसरं कुनी नाय. हाक आयची व्हती. पन आवाज बाप्याचा व्हता.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. डोक्याला मार लागला आहे, तापात बोलते आहे, असे बहुतेकांना वाटले. एक जण म्हणाला, माती गळताना दिसली असेल. पण ती पायरीवर मंदिराकडे पाठ करून बसलेली असते, हे सगळ्यांना माहीत होते. मास्तर दाराबाहेर, उजवा हात गळ्यात बांधून बसले होते. त्यांनी हे ऐकले. 

मंगळवारी दुपारी बाबा परत आले. ओढ्यापलीकडून वस्ती दिसते, पण मंदिर चिंचांच्या दाटीआड असल्याने दिसत नाही. बाबांच्या पायांना फोड आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. बरोबर बोरवंडच्या म्हाताऱ्याचा मुलगा होता, रावजी साळवे. लोक सामोरे धावले. कोणी काही सांगण्याआधीच बाबांनी विचारले, “आत कोणी राहिलं का?”

सामोरे गेलेले लोक जागच्या जागी थांबले.

“बाबा,” एका म्हाताऱ्याने विचारले, “तुमाला कुनी सांगितलं?”

बाबा म्हणाले, “आधी सांगा. आत कोणी राहिलं का?”

“नाय, बाबा. कुनी नाय. ठकूचा पाय मोडला, पर जिती हाय.”

बाबा ओढ्याच्या काठावरच खाली बसले.  मग रावजीने सांगितले. रविवारी सकाळी बाबा त्याच्या वडिलांच्या उशाशी बसून प्रार्थना करत होते. डोळे मिटलेले, आवाज अगदी हळू. मधेच ते ताडकन उठले. सगळे अंग घामाने भिजले होते. आणि घराबाहेर, गल्लीपर्यंत जाईल अशा आवाजात ते ओरडले, “ठकूबाळ, घंटा वाजव. सगळ्यांना बाहेर काढ.” एकदा नाही, दोनदा. आजारी म्हातारा दचकून उठून बसला.

“मला वाटलं बाबांनाच काय झालं,” रावजी म्हणाला. “घाबरून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा झाले होते. बाबा तसेच निघाले. भाकरीसुद्धा खाल्ली नाही. नदीला पाणी होतं म्हणून उतार मिळेपर्यंत दोन रात्री पलीकडेच काढाव्या लागल्या.”

पावणेअकरा हे शब्द ऐकून मागे कोणीतरी हुंदका दिला. सगळ्यांनी वळून पाहिले. ते मास्तर होते. घंटा वाजली तेव्हा घड्याळाकडे पाहणारे मंडळीत तेच एकटे होते. दुसऱ्या कोणाला ती वेळ माहीतच नव्हती.

मास्तर पुढे आले.  “बाबा, तुम्हाला कसं दिसलं?”

“मला काही दिसलं नाही, मास्तर,” बाबा म्हणाले. “माझ्या तोंडून शब्द गेले. तुम्ही ऐकावेत तसे ते मी ऐकले. ठकूबाळ असं मी तिला कधी म्हटलेलं नाही. ते नाव मला माहीतही नव्हतं. मला तेव्हापासून भीती वाटते आहे. प्रभू इतका जवळ आहे, हे मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. मला ते माहीत नव्हतं.”

मास्तरांनी खाली वाकून बाबांच्या पायांवर डोके ठेवायला सुरुवात केली. बाबांनी पाय मागे घेतले. “इथं नव्हे,” ते म्हणाले.

मास्तर उठले आणि आपल्या घरी गेले. चार दिवस ते कोणाला दिसले नाहीत. शाळा बंद राहिली.

रविवारी कापणीचा सण होता. मंदिर नव्हते, म्हणून उपासना चिंचेखाली झाली. नव्या ज्वारीची कणसे, भोपळे, शेंगा, लोकांनी आपापले आणून झाडाच्या बुंध्याशी ठेवले. ठकूबाईला बाजेसकट उचलून आणले आणि पुढे ठेवले. तिच्या कानांना पुन्हा काहीच ऐकू येत नव्हते. त्या दोन हाका झाल्या आणि कान पूर्वीसारखेच मिटले. त्याबद्दल तिने कधी खंत केली नाही.

बाबांनी तिला हाताच्या खुणांनी विचारले. पापाबद्दल विचारले, प्रभूबद्दल विचारले. तिने प्रत्येक प्रश्न नीट पाहून घेतला आणि आपल्या फाटक्या आवाजात ‘व्हय’ म्हटले. बाबांनी कळशीतले पाणी तिच्या डोक्यावर घातले. या वेळी कोणी हसले नाही. माझी आई रडत होती.

बाबा भाकर मोडणार, इतक्यात लोकांच्या पाठीमागून मास्तर पुढे आले. दाढी वाढलेली, हात अजून गळ्यात. ते बाबांना म्हणाले, “बाबा, भाकर देण्याआधी मला मंडळीसमोर बोलायचं आहे. ज्या मंडळीसमोर मी हिला म्हैस म्हटलं, तिच्यासमोरच बोलायचं आहे. माझं नाव पटावरून काढा. मी ऐकणारा माणूस. दोन कान घेऊन आत बसलो होतो, आणि तिनं घंटा वाजवली, तिनं हाक मारली, तिनं हात धरला, तरी मी ऐकलं नाही. माझी परीक्षा झाली आणि मी नापास झालो.”

बाबा म्हणाले, “मास्तर, नापास झालेल्यांसाठीच तर ही भाकर आहे.”

मास्तर बाजेजवळ गेले. बांधलेल्या पायाला धक्का लागू नये म्हणून ते दुसऱ्या बाजूला आले, गुडघे टेकले आणि ठकूबाईच्या उजव्या पावलावर कपाळ ठेवले. तिच्या पावलाच्या भेगांत सारवणाचे शेण अजून तसेच होते.

ठकूबाई घाबरली. तिच्यापुढे कोणी कधी वाकले नव्हते. तिने बाबांकडे पाहिले, पण बाबांचे डोळे भरून आले होते, त्यांना काही दिसत नव्हते. मग ती हळूच पुढे झुकली, मास्तरांच्या गळ्यातल्या हाताला बोटाने स्पर्श केला आणि म्हणाली, “मी लई जोरात वढलं. दुखतंय का अजून?”

मास्तरांना मान वर करता येईना. भाकर हातात धरून बाबा थांबले होते, मंडळी थांबली होती, आणि मास्तर तिच्या पायावर डोके ठेवून तसेच राहिले.